कूलरच्या जाळीचा पिंजरा

माघ सरत आला की आमच्या नागपूरच्या सोसायटीत मांजरं गळा काढायला लागतात. पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीवर, कोणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर. आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर माणसं गळा काढतात. यंदा कोणीतरी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या दोन मुलींना बोलावलं. त्यांच्याजवळ घडी होणारे हलके पिंजरे होते. त्यातली एक मला समजावून सांगायला लागली, "काकू, आम्ही पकडतो, ऑपरेशन करतो आणि परत इथेच सोडतो. कानाचं टोक कापलेलं असतं, म्हणजे ओळखता येतं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

ती हसली. नव्या काळातली ही गोष्ट पन्नाशी उलटलेल्या बाईला कुठून माहीत असणार, असं तिला वाटलं असावं. पण त्या दुपारी पिंजऱ्याचं दार खाली पडल्याचा आवाज आला आणि मी हातातलं काम टाकून खिडकीशी गेले. मी दहावीत होते त्या वर्षीच्या माघ-फाल्गुनात, भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये, आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात हा आवाज मी कितीतरी वेळा ऐकला होता. तिथे पिंजरा लावणारी माझी आई होती. आणि पिंजरा बाबांनी जुन्या कूलरचा केलेला होता.

भिलाईतला फाल्गुन म्हणजे सकाळी अंगावर शाल आणि दुपारी पंखा. क्वार्टरच्या भिंतींना आतून थंडी आणि बाहेरून ऊन. आंब्याच्या मोहोराचा वास, त्यात कोळशाच्या सिगड्यांचा धूर, आणि खिडकीच्या गजांवर रोज पुसली तरी रोज बसणारी ती बारीक तांबूस धूळ. शिफ्टचा भोंगा वाजला की पुढच्या रस्त्यानं सायकलींची रांग जायची. मी खिडकीशी बसून पाठ करत असे. शाळेत सगळं हिंदीतून, घरात मराठी. त्यामुळे प्रश्न एका भाषेत पडायचा आणि उत्तर दुसऱ्या भाषेत सुचायचं. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली म्हणून मला बाहेर जायला बंदी होती. मैत्रिणींकडे नाही, मैदानावर नाही, समोरच्या दुकानात वही आणायलासुद्धा नाही.

आईला तशी बंदी कोणी घातलेली नव्हती. तरी ती तीनच ठिकाणी जायची: भाजीबाजार, राशनचं दुकान आणि गणपतीचं देऊळ. ती वर्ध्याकडची. लग्न होऊन राजनांदगावला आली आणि बाबांना स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्कची नोकरी लागली तेव्हा भिलाईला. ब्लॉकमधली सगळी क्वार्टरं एका मापाची होती. डोळे मिटूनही सांगता यायचं की दारातून चार पावलांवर स्वयंपाकघर, तिथून तीन पावलांवर मोरी, मग अंगण, मग भिंत. आई दिवसातून किती वेळा दार ते भिंत चालायची ते मी पाठांतर करता करता पाहत असे. भिंतीपाशी जाऊन ती क्षणभर थांबायची आणि परत फिरायची.

त्या भिंतीवर मांजरं बसायची. मागच्या लेनमध्ये चौदा-पंधरा होती. कोणाची नव्हती आणि सगळ्यांच्या दारची होती. दिवाळीनंतर प्रत्येक अंगणात कूलर गोणपाटाखाली उभा करून ठेवलेला असायचा, आत गवताच्या जाळ्या तशाच. मांजरींना बाळंतपणासाठी याहून साजरी जागा कुठली मिळणार? होळी झाली की लोक कूलर उघडायचे आणि आत डोळे न उघडलेली पिल्लं निघायची. मग आरडाओरडा, भांडणं, आणि शेवटी पोतं.

आदल्या वर्षीचं पोतं आईनं पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. ब्लॉकच्या लोकांनी एका माणसाला बोलावलं. त्यानं सकाळपासून पाच मांजरं आणि त्यांची पिल्लं दोन पोत्यांत भरली, सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि अहिवाऱ्याकडच्या चुन्याच्या खदानीजवळ सोडून देतो म्हणाला. जिवंत सोडतो की कशी, ते कोणी विचारलं नाही. पोत्याला आतून ठिकठिकाणी टेंगळं येत होती आणि जात होती. सायकल वळणापलीकडे जाईपर्यंत आई दारात उभी राहिली.

बावीस दिवसांनी त्यातली एक परत आली. राखी, छातीवर पांढरा ठिपका. पंजे फाटलेले, अंगाची नुसती हाडं. ती प्रत्येक अंगणात, प्रत्येक कूलरजवळ जाऊन पिल्लांना हाका मारत राहिली. दहा दिवस. आई तिच्यापुढे दूध ठेवायची, ती वास घेऊन पुढे जायची. "खा व माय," आई म्हणायची, "नाही भेटत आता ते." आणि स्वतः ताटावरून उठून जायची.

म्हणून पुढच्या माघात मांजरं ओरडायला लागली तशी आई मेश्राम सिस्टरकडे गेली. मेश्राम सिस्टर आमच्यापासून तिसऱ्या क्वार्टरमध्ये राहायच्या. भंडाऱ्याकडच्या, उंच, आवाज खणखणीत, दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. त्यांच्या पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली बुद्धाची पितळी मूर्ती होती. लुनावरून ड्यूटीला जाणारी ती आमच्या लेनमधली एकटीच बाई. आईची मैत्रीण म्हणावी अशीही ती एकटीच.

त्या आमच्याकडे चहाला आल्या आणि बाबांच्या समोरच म्हणाल्या, "माणसाची होते त मांजराची कावून नाही होणार? पद्मनाभपूरले एक डॉक्टर आहेत, रिटायर झाले आता. जनावरायचे. मी विचारते त्यायले. सगळ्या मांजरायची नसबंदीच करून टाकू आपण."

नसबंदी. हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. रेडिओवर कुटुंब नियोजनाचं काही लागलं की बाबा उठून अंगणात जायचे. ते लाजतात असं मला वाटायचं. त्या दिवशीही त्यांनी अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि बाहेर गेले. आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. सिस्टरांना काही कळलं नाही, त्या आपल्या टाक्यांबद्दल आणि भुलीबद्दल सांगत राहिल्या.

थोड्या वेळानं अंगणातून पत्र्याचा आवाज यायला लागला. बाबा आमच्या गंजलेल्या जुन्या कूलरचा सांगाडा उलगडत होते. पान्हा धरता येत नाही असा हा माणूस, फायली आणि हजेरीपटात आयुष्य गेलेला. दोन रविवार आणि मधल्या सगळ्या संध्याकाळी घालवून त्यांनी पिंजरा केला. तीन बाजूंना जाळी, चौथ्या बाजूला वर सरकणारं पत्र्याचं दार, दाराला तार, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला आत टांगलेली सुक्या झिंग्यांची पुरचुंडी. मांजरानं पुरचुंडी ओढली की दार पडायचं. दोन्ही हातांना कापलं होतं त्यांना. आईनं हळद आणून दिली.

पहिल्या दिवशी राखीच सापडली. दार पडलं, आणि त्या एवढ्याशा पेटीत तुफान उठलं. ती जाळीवर आदळत होती, उलटी होत होती, नाकातून रक्त आलं. मी कानांवर हात ठेवले. आईनं जुनं लुगडं आणून पिंजऱ्यावर टाकलं आणि शेजारी फतकल मारून बसली. "उगी. उगी राय. मी आहो न." हळूहळू आतला आवाज थांबला. लुगडं जरा उचलून मी पाहिलं. ती कोपऱ्यात दबून बसली होती, डोळे उघडे. सुटायची धडपड संपल्यावर जनावर कसं बसतं ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते धडपडीहून भयंकर होतं.

ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं म्हणून पिंजरा माझ्या अभ्यासाच्या खोलीत आणला. सबंध दुपार ती आणि मी. मी विज्ञानाचं पुस्तक मोठ्यानं वाचत होते, ती ऐकत होती. दोघींच्याही दाराला बाहेरून कडी.

पद्मनाभपूरला सिस्टर लुना चालवायच्या, मागे पिंजरा बांधलेला, त्यावर लुगडं. आई टेम्पोनं जायची. पहिल्या खेपेला मी हट्ट धरला म्हणून मलाही नेलं. डॉक्टर सत्तरीचे, अंगात बंडी, व्हरांड्यात टेबलावर मेणकापड अंथरलेलं. त्यांनी उभं आयुष्य गाई-बैलांत काढलेलं. राखीकडे पाहून म्हणाले, "बैल का तो आँख मूँदकर कर दूँ। बिल्ली छोटी चीज है, हाथ काँपेगा।"

"मी आहो न, सर," सिस्टर म्हणाल्या आणि बाह्या सारल्या.

इंजेक्शन दिलं. राखी सैल पडली. सिस्टर पोटावरचे केस भादरत होत्या, तेव्हा आई एकदम म्हणाली, "हिले कोणी विचारलं?"

सिस्टरांचा हात थांबला. "काय?"

"हिले कोणी विचारलं का? तुले पाहिजेत का नको म्हून?"

"पोत्यानं विचारलं होतं काय बाई?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या.

आई व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसली. आतून डॉक्टर बोलत होते. बोका असता तर सोपं होतं, दोन मिनिटांचं काम. माणसातही पुरुषाचंच सोपं असतं, पण आणतात बायकांनाच. सिस्टर हसल्या. आई हसली नाही. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, आणि बोट पांढरं होईपर्यंत गुंडाळत राहिली.

मग ते नेहमीचंच झालं. एक दिवसाआड पिंजरा, लुना, टेम्पो. बरं वाटेपर्यंत मांजर आमच्या मोरीशेजारच्या कोपऱ्यात, आणि मग परत भिंतीवर. चौथ्या की पाचव्या खेपेला डॉक्टरांनी केस भादरले तर खाली टाके. तीच मांजर दुसऱ्यांदा पकडली होती! तेव्हापासून ते भूल उतरायच्या आत डाव्या कानाची एक बारीक चकती काढायचे. एक बोका भुलीतून उठलाच नाही. डॉक्टर बराच वेळ त्याची छाती चोळत होते. आईनं त्याला पदराखाली घरी आणलं आणि पेरूच्या झाडाखाली पुरलं. त्या दिवशी ती जेवली नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा झिंगे आणायला गेली.

आणि एक पिवळी होती. तिचं पोट चाचपून डॉक्टर म्हणाले, "यह तो भरी हुई है। अब भी हो सकता है, बोलो।"

सिस्टरांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "नाही. हिचं राहू द्या." आवाज असा होता की कोणी पुन्हा विचारलं नाही. पिवळी तशीच परत आली आणि आमच्याकडेच पत्र्याच्या पेटीमागे व्याली.

परीक्षेच्या आठवडाभर आधी आत्या आली. बाबांची मोठी बहीण, आर्वीजवळच्या गावाहून. दरवर्षी याच सुमारास यायची. तूर निघाली की डाळ घेऊन, आणि डाळीबरोबर एक पुडी घेऊन. कोण्या महाराजाकडून आणलेलं कडू चूर्ण. मुलगा व्हावा म्हणून. आत्या असेपर्यंत आई ते रोज सकाळी तिच्यासमोर खायची. मी तिसरी-चौथीत होते तेव्हापासून पाहत आले होते. जीभ बाहेर काढून आई चूर्ण ठेवायची, पाणी प्यायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि आत्या म्हणायची, "यंदा पोरगं होते, पाय." बाबा पेपर वाचत असायचे.

मला जवळ घेऊन आत्या गमतीनं म्हणायची, "ही आमची जोती. आली आन मांगचं दार लावून घेतलं हिनं." सगळे हसायचे. मीही हसायचे. पण मनात खोल कुठेतरी मला ते खरंच वाटायचं. मी असं काय केलं होतं, की माझ्यामागून कोणी आलंच नाही?

आत्या असली की मेश्राम सिस्टर आमच्याकडे येत नसत. आत्या त्यांच्या हातचं पाणी घेणार नाही हे त्यांना माहीत होतं. आई मात्र जायची त्यांच्याकडे, चहा पिऊन यायची. हे तिनं आत्याला कधी सांगितलं नाही आणि लपवलंही नाही.

त्या सकाळी मोरीशेजारी पिंजऱ्यात एक काळी मांजर होती. आदल्या दिवशी ऑपरेशन झालेली, पोटावर पट्टी. आत्यानं आंघोळीला जाताना पाहिली.

"हे काय करून राहिली तू, शालिनी?"

आईनं सांगितलं. काही लपवलं नाही.

आत्या पाटावर बसलीच. "मुक्या जिवायच्या कुशी बंद करून राहिली? देवानं तुई कावून बंद केली ते समजलं आता मले. असं पाप हातानं होते, आन मी पाय झिजवून राहिली महाराजाच्या दारात!"

मी खोलीत होते. हातात पुस्तक, दार अर्धं उघडं. आई ओट्याशी उभी होती, तळहातावर ते चूर्ण. बाबा अंगणाच्या दारात, पिंजऱ्याची तुटलेली तार जोडत होते. एवढी माणसं आणि एवढंसं घर, आणि एकालाही कुठे जायला जागा नव्हती.

आई चालत बाबांजवळ गेली. चूर्णाचा हात त्यांच्यापुढे धरला.

"आज तुमी सांगा," ती म्हणाली. "नाही सांगितलं त मी हे खाते. उद्याही खाईन, मरेपर्यंत खाईन. पण मी नाही सांगणार."

बाबांनी तार खाली ठेवली. मग म्हणाले, "ताई, तिच्यात दोष नाही. माहं ऑपरेशन झालं आहे."

"कायचं?"

"नसबंदीचं. आणीबाणीच्या वर्षी. राजनांदगावले होतो तवा."

आत्याला आधी समजलंच नाही. बाबा तुटक तुटक सांगत गेले. त्यांच्या शेजारी एक मास्तर राहायचे. मास्तरांना वरून हुकूम होता, इतकी माणसं आणून द्या, नाहीतर पगार बंद. दोन माणसं कमी पडत होती. ते बाबांपाशी येऊन रडले. "मले नाही म्हणता आलं नाही, ताई. जोती तीन वर्साची होती. ते हात जोडत होते. मी गेलो."

"आन बायकोले विचारलं?"

बाबांनी मान हलवली. "घरी येऊन सांगितलं."

मोरीत नळ थेंब थेंब गळत होता. आत्यानं आईकडे मान वळवली. "तुले माईत होतं?"

"हो."

"तवापासून?"

"हो."

"आन तू हे औषध खात होती? बारा वर्सं?"

"तुमी एवढ्या लांबून आणत होत्या न," आई म्हणाली.

आत्या उठली. आईचा हात धरून तिनं ते चूर्ण मोरीत पाडलं, तांब्यानं पाणी ओतलं, आणि आईचा तळवा आपल्या पदरानं पुसला. मग बाबांकडे वळून, मी तिला कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात म्हणाली, "वसंता, मास्तराचं रडणं दिसलं तुले. इचं नाही दिसलं?"

बाबा भिंतीला टेकून खाली बसले. तोंड दोन्ही हातांत. मोठ्या माणसाला रडताना पाहिलं की मुलाला राग येत नाही, भीती वाटते. मी पुस्तकात डोकं घातलं. पानावर काय होतं ते आज आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की माझ्या छातीवरचं कसलंतरी ओझं हललं. मागचं दार मी लावलं नव्हतं. आणि लगेच दुसरं काहीतरी येऊन बसलं. कारण आता मला कळलं होतं की मी या घरातली एकुलती नाही, उरलेली आहे. दोघांनी जे गमावलं त्या सगळ्यातून त्यांच्याजवळ राहिलेलं एवढंच. अशा मुलीला घर सोडून जाणं सोपं नसतं. पुढे मी गेले, कॉलेजला, नोकरीला, लग्न करून. पण प्रत्येक वेळी टेम्पोत बसताना दारातली ती दोघं पाहून माझा पाय अडकायचा.

आत्या ठरलेले आठ दिवस राहिली. भावाशी बोलली नाही. जायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात आईला म्हणाली, "मले शिव्या दे."

"कावून, ताई?"

"दे न. काही त दे."

आईनं तिला वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आत्या पोळपाटाकडे बघत रडत राहिली. आता विचार करते तेव्हा वाटतं, तीही अडकलेलीच होती. दरवर्षी उन्हातान्हात त्या महाराजाकडे चालत जायची, भावाचा वंश वाढावा म्हणून, आणि जे नाहीच त्याच्यावर इलाज शोधायची.

माझी परीक्षा झाली. पेपर कसे गेले ते कोणी फारसं विचारलं नाही. होळीनंतर ब्लॉकमधले कूलर निघाले, गवत झटकलं, पंप तपासले. कुठेच पिल्लू निघालं नाही. लोकांनी एकदोन दिवस आश्चर्य व्यक्त केलं आणि विसरून गेले. पोतं आलं नाही. अकरा मांजरं, बहुतेक डाव्या कानाला खाच घेऊन, भिंतीवर बसायची. तिघी-चौघी शेवटपर्यंत पिंजऱ्यात आल्याच नाहीत. पिवळीची तीन पिल्लं तेवढी आमच्या अंगणात दुडदुडत होती. ती मोठी झाल्यावर आईनं आणि सिस्टरांनी त्यांनाही पद्मनाभपूरला नेलं. त्यानंतर मात्र अंगण अगदी शांत झालं. आई ओट्यावर बसून त्या शांततेकडे कान लावून असायची. "निवांत झालं न," ती म्हणायची, आणि तिला त्यानं बरं वाटतंय की वाईट, ते मला कधी ओळखता आलं नाही.

बाहेरून पाहिलं तर त्या सकाळनंतर काही बदललं नाही. बाबा टाइम ऑफिसात जात राहिले. आई त्या एका मापाच्या घरात आणखी वीस वर्षं राहिली, दार ते भिंत, भिंत ते दार. तिनं कुठे जायचं ठरवलं नाही, काही मागितलं नाही. फक्त रेडिओवर काही लागलं तर बाबा उठून जात नसत. आणि संध्याकाळी चहा झाल्यावर कधीकधी दोघं अंगणात नुसतीच बसलेली असायची. पूर्वी तशी बसत नसत.

बाबा गेल्यावर मी आईला नागपूरला आणलं. एका दुपारी, ती शेंगा सोलत होती, तेव्हा मी विचारलं, "आई, तू आत्याला आधीच का नाही सांगितलंस? बारा वर्षं काय काय ऐकून घेतलंस."

ती शेंगा सोलत राहिली.

"मी सांगितलं असतं त ते माहं गाऱ्हाणं झालं असतं," ती म्हणाली. "नवऱ्याची चुगली. त्यायनं सांगितलं पाहिजे होतं."

"आणि त्यांनी सांगितल्यावर संपलं ते?"

तिनं सोललेल्या दाण्यांवरून हात फिरवला, एक खवट दाणा वेगळा काढला.

"असं काही संपते काय, पोरी? पण मंग ते एकटीचं नाही राहिलं."